जुनी फाईल कॉम्प्युटरवर आहे हे नक्की, पण सापडत नाही. तुम्ही कशी शोधता?

ठाकुर्ली_लोकल
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या (डोंबिवली पूर्व, जुनी चार मजली) सचिवपदाचा काटेरी मुकुट यंदा माझ्या डोक्यावर आलाय. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून रोज कुणीतरी जुना कागद मागतं. सध्या हवाय २०१३ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेतला पार्किंगचा ठराव, आणि त्याला जोडलेली यादी, म्हणजे कुठली जागा कुणाच्या गाडीला दिली ती.

तेव्हाच्या सचिवांनी सगळं स्वतः टाइप केलेलं. ते आता मुलाकडे बंगळुरूला असतात. फोन केला की म्हणतात, "अहो, त्यातच आहे, नीट बघा." तो डेटा मधल्या काळात या मशीनवरून त्या मशीनवर फिरत माझ्या लॅपटॉपवर पोचलाय. 'सोसायटी जुना डेटा' उघडलं की आत 'डी ड्राईव्ह', त्यात 'बॅकअप', त्यात पुन्हा 'डी ड्राईव्ह'.

विंडोजच्या शोधपट्टीत पार्किंग, वाहनतळ, ठराव, सभा असं सगळं मराठीत आणि रोमनमध्ये टाकून झालं. येतात त्या गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या आणि कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. अशा वेळी तुम्ही काय करता? प्रत्येक फोल्डर उघडून बघणं हा उपाय सांगू नये, तो चालूच आहे.

कोरा_चहा
प्रत्येक फोल्डर उघडून बघा.

कोरा_चहा
दिवा घ्या हो, गंमत केली. वाचतोय.

अडाणी_अभियंता
पहिलं काम, 'एव्हरीथिंग' नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर टाका. विंडोजचा शोध फोल्डरमागून फोल्डर चाळत बसतो. हे तसं करत नाही. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची) पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर प्रत्येक फाईलच्या नावाची नोंद असलेली एक मुख्य यादी विंडोज स्वतःच ठेवत असतं, हे थेट ती यादी वाचतं. त्यामुळे लाखो फायली असल्या तरी अक्षर दाबताच निकाल समोर. पेन ड्राईव्ह बहुधा वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, तिथे ही जादू चालत नाही, फोल्डर वेगळं जोडून द्यावं लागतं.

पण एक लक्षात ठेवा, हे मुळात नावं शोधतं. फाईलच्या आतला मजकूर शोधायची सोय त्यात आहे, पण ती भयंकर हळू.

रानजाई
अभियंता, पण धागाकर्त्यांना नावच माहीत नाहीये ना? नाव माहीत असतं तर धागा कशाला काढला असता.

माझा अनुभव असा की माणसाला फाईलचं नाव कधीच आठवत नाही. आठवतं ते 'दिवाळीच्या सुमाराला केली होती' किंवा 'अमक्याने मेलवर पाठवली होती'. मग तेच शोधावं. फाईल एक्सप्लोररच्या शोधपट्टीत बदलाची तारीख आणि प्रकार यांवर गाळणी लावता येते. २०१३ ची सभा ना? मग त्या वर्षातल्या सगळ्या वर्ड फायली मागवा, तारखेने लावा आणि सभेच्या आसपासच्या तेवढ्या बघा.

ठाकुर्ली_लोकल
@रानजाई, हे करून पाहिलं. सगळ्या फायलींवर तारीख २०२१ ची दिसते. तेव्हा कॉपी केल्या होत्या.

रानजाई
तुम्ही 'तयार केल्याची तारीख' बघताय. विंडोजमध्ये कॉपी केलं की ती त्या दिवसाची होते, कारण ती प्रत त्या दिवशीच जन्माला आलेली असते. 'बदल केल्याची तारीख' मात्र साध्या कॉपीत जुनीच राहते. रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करा आणि तो रकाना लावून घ्या. तयार केल्याची तारीख बदल केल्याच्या तारखेच्या नंतरची दिसली तर दचकू नका, कॉपीची तीच खूण.

अडाणी_अभियंता
अनुमोदन. एव्हरीथिंगमध्ये हेच 'डीएम' (डेट मॉडिफाइड) मग कोलन मग २०१३ असं, अर्थात सगळं रोमनमध्ये टाकून होतं.

तिरफळ
माझा मुद्दा थोडा वेगळा. फाईल हरवते तेव्हा निम्म्या वेळा ती हरवलेली नसतेच, आपण तिला नको त्या जागी उघडलेली असते. मेलमधली जोडणी आउटलुकमधून थेट उघडली, तासभर काम केलं, सेव्हचं बटण दाबलं. ती गेली कुठे? एका तात्पुरत्या, लपवलेल्या फोल्डरात. झिप न सोडवता आतली फाईल उघडून बदल केले तरी तोच प्रकार.

अशी फाईल वर्डच्या अलीकडच्या यादीत दिसत असेल तर तिथून उघडा आणि एफ बारा दाबा. 'या नावाने जतन करा'ची खिडकी येते आणि ती फाईल आत्ता नेमकी कुठल्या फोल्डरात बसलीये ते दिसतं. तिथूनच हव्या त्या जागी जतन करा. मडगावच्या आमच्या ऑफिसात मला या एका बटणावर फुकटचा चहा मिळतो.

आणि सेव्हच केली नसेल तर वर्डच्या 'इन्फो' पानावर न जतन केलेले दस्तऐवज परत मिळवायची सोय असते. ती मात्र लगेच बघावी, ते कायम राहत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडे वेगळीच गंमत, भाऊ. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राईव्ह लावला का घरी येईपर्यंत सगळे फोल्डर गायब अन् त्याच नावाचे शॉर्टकट तयार. पोरं रडकुंडीले येते. फायली कुठंच जात नाही, तो व्हायरस त्याईले फक्त लपवते. शॉर्टकटवर क्लिक करू नका, तेच त्याले पाहिजे असते. आधी अँटीव्हायरस फिरवा. मंग कमांड प्रॉम्प्टमधी 'अ‍ॅट्रिब' कमांड देऊन लपवलेलं अन् सिस्टीमचं असे दोन्ही शिक्के काढून टाका, आतल्या फोल्डरांसकट. सगळं जिथल्या तिथं दिसते. नुसतं 'लपवलेल्या फायली दाखवा' करून भागत नाही, कारण सिस्टीमचा शिक्का असलेल्या फायली दाखवायची खूण वेगळी राह्यते.

जर्सीसिटीकर
वाचून धीर आला. बाबांचा कॉम्प्युटर मी इथून रिमोटने सांभाळतो. त्यांचा सगळा संसार डेस्कटॉपवर. मागे मशीन हळू झालं म्हणून कॉलनीतल्या एका रिपेअरवाल्याला बोलावलं. त्याने "सी ड्राईव्ह फॉरमॅट मारतो, डी ला हात लावत नाही, तुमचा डेटा सेफ" असं सांगून सी साफ केला. डेस्कटॉप सी मध्येच असतो हे बाबांना कुठून माहीत असणार? आणि त्याला माहीत असायला हवं होतं, तर त्याने विचारलं नाही.

मोरपंखी
अरेरे. काही मिळालं का परत?

जर्सीसिटीकर
थोडंफार. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची होती म्हणून. 'फोटोरेक' वापरलं. ते फायली उकरून काढतं, पण नावं आणि फोल्डर परत येत नाहीत, नुसत्या आकड्यांच्या फायलींचा ढीग. बाबा अजून रोज संध्याकाळी बसून त्यांना नावं देतात. त्यांना आवडायला लागलंय बहुतेक.

अडाणी_अभियंता
सर्वांसाठी पुरवणी. असं झालं तर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहायचं नाही. परत मिळवायचं सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर टाकायचं नाही, दुसऱ्या मशीनला जोडून करायचं. आणि एसएसडी (नवी, तबकडी नसलेली डिस्क) असेल तर आशा फार कमी, कारण पुसलेली जागा ती 'ट्रिम'च्या कृपेने मागच्या मागे रिकामी करून टाकते.

दुसरं. वनड्राईव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप चालू असला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांचा खरा पत्ता बदलून वनड्राईव्हच्या फोल्डरात जातो. जुन्या पत्त्यावर बघणाऱ्याला वाटतं सगळं उडालं. आधी तिथे बघा, मग घाबरा.

कोरा_चहा
विंडोज एक्सपीच्या शोधात तो पिवळा कुत्रा यायचा आठवतो का? रोव्हर. फाईल सापडायची नाही, पण पानं उलटत बसायचा बिचारा. निदान कुणीतरी आपल्यासाठी राबतंय असं वाटायचं.

बखर
कोरा_चहा, कुत्र्याच्या नंतरचा काळ बरा होता. २००४ मध्ये गूगल डेस्कटॉप आलं, आपल्याच मशीनवर गूगलसारखा शोध. २०११ मध्ये बंद केलं. गूगल डेस्कटॉप आलं त्याच सुमाराला मायक्रोसॉफ्ट विनएफएस आणणार होतं. फोल्डरांऐवजी सगळा साठा डेटाबेससारखा, म्हणजे 'अमक्याने पाठवलेलं, तमक्या कामाचं' असं विचारता आलं असतं. २००६ मध्ये तेही गुंडाळलं. अ‍ॅपलने २००५ मध्ये मॅकच्या टायगर आवृत्तीसोबत स्पॉटलाइट हा शोध दिला, तो आजही टिकून आहे.

यावर संशोधनही झालंय. डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं की लोक शोधयंत्रापेक्षा 'मी ते तिथे ठेवलं होतं' या आठवणीवर फोल्डर उघडत जाणं पसंत करतात. पुढे शोधयंत्रं कितीतरी सुधारली तरी ओफर बर्गमन आणि त्याच्या सहकाऱ्यांना साधारण तेच दिसलं, शोध हा लोकांचा शेवटचा उपाय. तेव्हा धागाकर्त्यांनी फोल्डरांवर राग काढू नये.

रानजाई
बखर, तुमचं बरोबर, पण ते स्वतःच्या फोल्डरांबद्दल. इथे फोल्डर लावलेत दुसऱ्याने. 'मी तिथे ठेवलं होतं' ही आठवण बंगळुरूला बसलीये.

बखर
हे मान्य.

नीलम_वाई
मी तलाठी कार्यालयाच्या बाहेर दाखले-उतारे काढून देते, त्यामुळे नावांचा गोंधळ रोज बघते. फाईलच्या नावात विंडोज तिरकी रेघ चालू देत नाही. त्यामुळे सातबारा कुणी ७-१२ लिहितं, कुणी ७१२, कुणी रोमनमध्ये सातबारा, त्यातही ए एक का दोन हा वाद. पुन्हा लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असला तर नाव बदलून नुसतं डॉक, तारीख आणि डब्ल्यूए असं काहीतरी झालेलं. पण त्या नावातली तारीख कामाची असते. ती फाईल फोनवर कधी आली ते कळतं, गिऱ्हाईकाला विचारते कधी पाठवलं होतं आणि तेवढंच बघते.

माझं स्वतःचं नाव ठेवायचं सूत्र : आधी गाव, मग गट नंबर, मग वर्ष-महिना-दिवस. वर्ष पुढे ठेवलं की फायली आपोआप काळाने लागतात. दिवस पुढे ठेवला की सगळ्या महिन्यांतल्या एक तारखा एका ठिकाणी गोळा.

कोरा_चहा
माझं सूत्र : फायनल, फायनल नवीन, फायनल ओके, हीच घ्या.

लेखापाल_मिरज
टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी एक. दुकानदार येतो, "साहेब, कंपनीचा डेटा गेला, सगळं शोधलं." त्याने शोधलेलं असतं दुकानाच्या नावाने. टॅली आपलं फोल्डर आकड्याने बनवतं, ईआरपी नऊ या आवृत्तीत दहा हजारपासून पुढे. फोल्डरच्या नावात दुकान कुठेच नाही. ते आकडी फोल्डर सापडलं की डेटाचा रस्ता त्याच्या वरच्या फोल्डरला दाखवायचा, कंपनी दिसते.

घाटमाथा
लिनक्सवाल्यांच्या वतीने : 'लोकेट' आणि 'फाइंड' या कमांड. एका ओळीत काम. पुढचं बोलत नाही, मागच्या वेळी मार खाल्लाय.

टंकलेखक
मी इतका वेळ गप्प होतो, पण मूळ प्रश्नाकडे येतो. ठाकुर्ली_लोकल, त्या काकांनी मराठी कशात टाइप केलं होतं? जुन्या वर्ड फाईली उघडल्यावर मराठी दिसतं की कचरा?

ठाकुर्ली_लोकल
काही उघडल्यावर कचरा दिसतो. डॉलर, कंस, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. मला वाटलं त्या फायली खराब झाल्यात, म्हणून सोडून दिल्या.

टंकलेखक
खराब काही नाही. हे श्रीलिपी किंवा तत्सम जुना फॉन्ट. मी आयुष्यभर डीटीपी केलं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सोसायट्यांची इतिवृत्तं. त्या काळी मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवायचे. आत साठवलेलं असतं इंग्रजीच, फॉन्ट त्यावर मराठी चेहरा चढवतो. फॉन्ट नसला की चेहरा उतरला.

तुम्ही शोधपट्टीत युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या मराठीत, 'ठराव' टाकता, पण फाईलच्या आत 'ठराव' नाहीच. शोधयंत्र काय शोधणार? आता नावाचंही बघा. नवीन फाईल पहिल्यांदा सेव्ह करताना वर्ड पहिली ओळच नाव म्हणून सुचवतं. पुष्कळजण तसंच एंटर मारतात. वरती श्रीलिपीत मथळा असेल तर फाईलचं नावसुद्धा त्याच कचऱ्यात. म्हणून तुम्हाला नावानेही मिळत नाही आणि मजकुरानेही नाही.

उपाय : तो फॉन्ट मिळवून टाका. एक फाईल उघडा, त्यातला 'ठराव' शब्द कॉपी करा आणि वर्डच्या शोधात चिकटवा. फाईलच्या आत तो सापडेल. विंडोजच्या शोधात हे चिकटवून भरवसा नाही, कारण त्यातली निम्मी चिन्हं तो विरामचिन्हं समजून गाळतो. 'एजंट रॅन्सॅक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर अक्षर-न्-अक्षर जुळवून बघतं, ते वापरून पाहा.

अडाणी_अभियंता
टंकलेखक काका, हे मला सुचलंच नव्हतं. युनिकोडमध्येही एक मेख आहे. 'दुसऱ्या', 'साताऱ्याला' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधयंत्राला वेगळे. म्हणून मी शोधताना असा शब्द टाळतो आणि त्याच्या शेजारचा साधा शब्द घेतो.

सोनचाफा
मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, पण आमच्याही सोसायटीत अशी यादी आहे. पार्किंगच्या यादीत गाड्यांचे नंबर असतील ना? ते कुणी मराठीत टाइप करत नाही. तुमच्याकडचे नंबर एमएच ०५ ने सुरू होत असणार. ते शोधलं तर?

टंकलेखक
ताई, साष्टांग नमस्कार. इंग्रजी अक्षरं इंग्रजी फॉन्टमध्येच असतील, ती सापडणारच. आपण सगळे मराठी शब्दाच्या मागे लागलो होतो.

विधीज्ञ_नाही
वेगळा सूर लावतो. फाईल सापडली तरी तिला किती अर्थ? सह्या असतात त्या इतिवृत्ताच्या नोंदवहीत. वर्डची फाईल उद्या कुणीही बदलून आणेल. पुनर्विकासात पार्किंगवरून भांडण झालं तर समोरचा पहिलं हेच विचारेल. नोंदवही कुठे आहे?

ठाकुर्ली_लोकल
@विधीज्ञ_नाही, नोंदवही आहे, पण ऑफिसच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा भिजली. त्या वर्षाची पानं एकमेकांना चिकटलीत आणि शाई पसरलीये. फाईल मिळाली तर पान कसं सोडवायचं आणि कुठे काय वाचायचं ते तरी कळेल. ठरावाचा आधार नोंदवहीच, हे मान्य.

@सोनचाफा ताई, संध्याकाळी करून बघतो.

मोरपंखी
भिजलेली पानं ओढून सोडवू नका हो. त्या कामातल्या माणसाला दाखवा.

ठाकुर्ली_लोकल
यादी मिळाली! एजंट रॅन्सॅकला एमएच आणि ०५ सांगून जुन्या डेटावर सोडलं. मध्ये जागा, मध्ये रेघ आणि नुसतं जोडून असे तिन्ही प्रकार करावे लागले. एक्सेलची फाईल, नाव नुसतं 'बुक एक'. तीही चौथ्या थरातल्या 'न्यू फोल्डर'मध्ये.

रानजाईंचं ऐकून त्याच फोल्डरातल्या फायली बदलाच्या तारखेने लावल्या. यादीच्या आदल्या दिवशीची एक वर्ड फाईल, नाव म्हणजे टंकलेखक काका म्हणाले तसा डॉलर-कंसांचा गोळा. पुण्याच्या भाचीकडून फॉन्ट मागवून टाकला आणि सभेचं इतिवृत्त समोर उभं. पार्किंगचा ठराव सातवा. मात्र यादीत दोन जागांपुढे एकच गाडी आहे, आता त्यावरून नवीन भांडण सुरू होणार.

कोरा_चहा
फाईल सापडली नव्हती तेच बरं होतं म्हणा.

विधीज्ञ_नाही
त्या फायलींना हात लावू नका. आधी दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ फाईल उघडून चुकून सेव्ह झाली तर बदलाची तारीख आजची होईल, आणि सध्या तुमच्याकडे काळाचा तेवढाच एक पुरावा आहे.

नीलम_वाई
टंकलेखक काका, एक विचारू? माझ्याकडेही जुन्या श्रीलिपीतल्या बऱ्याच फायली आहेत. त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या तर शोधायला सोपं जाईल का?

टंकलेखक
जाईल. बदलून देणारी साधनं मिळतात, पण आधी फॉन्टचं नेमकं नाव बघा. श्रीलिपीच्या आत अनेक फॉन्ट आहेत, चुकीचा निवडलात तर जोडाक्षरं फुटतात. बदलल्यावर नावं आणि गट नंबर मुळाशी ताडून बघा, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी. आणि मूळ फायली काढून टाकू नका. थोड्या असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एक नमुना पाठवा, फॉन्ट कुठला ते सांगतो.